विरजणाची वाटी : संकेतस्थळें रचणाऱ्यांची देवघेव

संध्याकाळची वेळ असावी, दूध तापवून ठेवलेलें असावें, आणि विरजणापुरतेंही दहीं घरांत शिल्लक नसावें, असा प्रसंग कोणत्या घरावर आला नाहीं? अशा वेळीं मुलाच्या हातीं वाटी देऊन त्यास शेजारच्या काकूंकडे धाडण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. काकू चमचाभर दहीं देतात. त्यांचें कांहीं उणें होत नाहीं, आणि आपल्या घरीं सकाळीं पातेलेंभर दहीं तयार असतें. मात्र जाणत्या काकू नुसतें दहीं देऊन थांबत नाहींत. "आईला सांग, दूध कोमट असूं दे. कढत असलें तर फाटेल, गार असलें तर विरजणार नाहीं," असेंही त्या सांगून ठेवतात. आतां विचार करा : चमचाभर दहीं आणि काकूंचीं हीं दोन वाक्यें, यांपैकीं अधिक मोलाचें कोणतें? दहीं एका रात्रीचें काम करतें. पण तीं वाक्यें ज्यानें लक्षांत ठेविलीं, तो जन्मभर दहीं लावूं शकतो.

आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें जो विषय मांडीत आहों, तो दह्याचा नव्हे, संगणकाचा आहे. परंतु त्यांतील मर्म हेंच आहे, म्हणून आरंभीं ही विरजणाची वाटी पुढें केली.

परीक्षेचा निकाल, आगगाडीचें तिकीट, हवामानाचा अंदाज, हें सर्व आपण आतां संकेतस्थळांवर पाहतों. जें पृष्ठ आपल्यापुढें पडद्यावर दिसतें, त्याच्या मागें साध्या अक्षरांत लिहिलेला एक मजकूर असतो. त्यास कोड असें म्हणतात. हा कोड मुख्यतः तीन भाषांत लिहितात. एचटीएमएल या भाषेनें पृष्ठांत काय काय आहे तें सांगावयाचें : हा मथळा, हा परिच्छेद, हें चित्र. सीएसएस या भाषेनें तें कसें दिसावें हें ठरवावयाचें : अक्षर केवढें, रंग कोणता, समास किती. आणि जावास्क्रिप्ट या भाषेनें वाचकानें कळ दाबली असतां काय घडावें हें सांगावयाचें. संकेतस्थळें रचणाऱ्या लोकांस कित्येक कामें पुनःपुन्हां करावीं लागतात. त्यांसाठीं कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेल्या चार-दहा ओळींचा तुकडा हातीं आला, तर दिवसभराचें श्रम वांचतात. तसेंच काम आरंभण्यापूर्वीं यंत्र कसें सज्ज करावें, फाईली कशा ठेवाव्या, याच्या सूचनाही अनुभवी मनुष्य नवशिक्यास देतो. असे तुकडे आणि अशा सूचना एकमेकांस मोकळ्या हातानें देणें ही या व्यवसायांतील एक मोठी चांगली रीत आहे. ती कोठून आली, तिचा लाभ कसा घ्यावा, आणि ती कोठें चुकते, हें येथें पाहूं.

ही रीत संकेतस्थळांहूनही जुनी आहे. इंग्लंडांतील केंब्रिज विश्वविद्यालयांत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं 'एडसॅक' नांवाचा संगणक बांधण्यांत आला, आणि ता. ६ मे १९४९ रोजीं त्यानें आपलें पहिलें गणित पुरें केलें. त्या काळीं यंत्रास आज्ञा द्यावयाच्या त्या छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवर. वर्गमूळ काढणें, आंकडे छापून देणें, अशीं कामें प्रत्येकास लागत. तीं प्रत्येकानें नव्यानें कां लिहावीं? म्हणून तेथील मंडळींनीं अशा कामांच्या तयार फिती एका कपाटांत लावून ठेविल्या. ज्यास गरज असेल त्यानें त्या फितीची नक्कल आपल्या फितीवर उतरून घ्यावी. या मंडळींत डेव्हिड व्हीलर नांवाचे एक तरुण संशोधक होते. त्यांनीं १९५२ सालीं लिहिलेल्या एका लेखांत म्हटलें आहे, तें आपण कोरून ठेवण्याजोगें आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, तुकडा लिहून व तपासून झाला तरी काम संपत नाहीं. ज्यास त्याच्या आंतील रचना ठाऊक नाहीं अशा मनुष्यासही तो सहज वापरतां यावा असें त्याचें वर्णन लिहिणें बाकी राहतें, आणि हेंच काम कदाचित् सर्वांत कठीण असतें. दहीं देणें सोपें. कोमट दुधाची गोष्ट नीट सांगणें कठीण, असेंच जणूं त्यांनीं म्हटलें.

पुढें १९८९ सालीं टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें जिनीव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेंत एक योजना मांडली. निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली माहिती दुव्यांनीं जोडावी व कोणासही वाचतां यावी, अशी ती कल्पना होती. १९९० सालच्या अखेरीस त्यांचा पहिला ब्राउझर व पहिलें संकेतस्थळ चालूं झालें. ता. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्न संस्थेनें या योजनेचा कोड सर्व लोकांस विनामूल्य मोकळा करून दिला. हक्क राखून प्रत्येक पृष्ठामागें मोबदला मागण्याचें त्यांनीं मनांत आणिलें असतें, तर आज शाळेशाळेचें संकेतस्थळ कदाचित् दिसलें नसतें.

या मोकळेपणास आणखी एका सोयीची जोड मिळाली. संगणकावरील ब्राउझरांत बहुधा कंट्रोल आणि यू या दोन कळा एकत्र दाबल्या असतां, समोर असलेल्या पृष्ठाचा मूळ कोड वाचावयास मिळतो. सुताराच्या कामठ्यांत उभें राहून तो रंधा कसा धरतो हें पोरानें पाहावें, तसें हें आहे. कित्येक नामांकित रचनाकार एखादें सुंदर पृष्ठ पाहून, त्याची आंतली बाजू उघडून, असेंच शिकले. आज मोठ्या संकेतस्थळांचा कोड वेग वाढविण्यासाठीं इतका आंवळून बांधलेला असतो कीं, तो वाचणें जड जातें. तरी लहान संकेतस्थळांचीं पृष्ठें अजूनही उत्तम पाठ्यपुस्तकें आहेत. विद्यार्थ्यांनीं एकदां तरी हा प्रयोग करून पाहावा.

आतां कांहीं प्रत्यक्ष तुकडे घेऊं. हे चारही तुकडे लहान आहेत, जगभर देवघेवींत आहेत, आणि ज्यास मराठींत पृष्ठ रचावयाचें आहे त्याच्या नित्य उपयोगाचे आहेत.

पहिला तुकडा अक्षरांच्या संकेताचा. संगणक अक्षरें जाणत नाहीं. तो आंकडे जाणतो. युनिकोड नांवाच्या सर्वमान्य कोष्टकांत प्रत्येक लिपींतील प्रत्येक वर्णास एक क्रमांक दिलेला आहे. आपल्या 'म' या अक्षराचा क्रमांक २३५० आहे. हे क्रमांक फाईलींत सांठविण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, तिचें नांव यूटीएफ-८. ती १९९२ सालीं केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनीं योजिली. तिच्याप्रमाणें 'म' लिहावयास तीन लहान आंकडे लागतात : २२४, १६४ आणि १७४. ब्राउझरास ही रीत ठाऊक असली तर तो त्या तिहींचा मिळून एक 'म' दाखवितो. परंतु त्यानें जुन्या पाश्चात्य रीतीनें वाचलें, तर तो प्रत्येक आंकडा वेगळा धरतो, आणि 'म' च्या जागीं तिरप्या स्वरचिन्हाचें एक रोमन अक्षर, चलनाचें एक चिन्ह, आणि वर्तुळांत कोंडलेलें एक अक्षर, अशी तीन भुतें पडद्यावर नाचूं लागतात. यावर उपाय एका ओळीचा आहे. पृष्ठाच्या शिरोभागांत 'मेटा' या खुणेनें संकेत यूटीएफ-८ आहे असें जाहीर करावें. ही ओळ अगदीं वर, पृष्ठाच्या पहिल्या १०२४ आंकड्यांच्या आंत यावी असा नियम आहे; आणि मूळ फाईलही यूटीएफ-८ रीतीनेंच जतन केलेली असावी.

दुसरा तुकडा पृष्ठाच्या भाषेचा. पृष्ठाच्या आरंभींच्या खुणेंत 'लँग' म्हणून एक जागा असते. तेथें मराठीसाठीं 'एमआर' हीं दोन रोमन अक्षरें घालावीं. पुष्कळ लोक हें निरर्थक समजून गाळतात. परंतु ज्यांस दृष्टि नाहीं अशा वाचकांस पृष्ठ मोठ्यानें वाचून दाखविणारीं साधनें याच खुणेवरून कोणत्या भाषेच्या उच्चारानें वाचावें हें ओळखतात. शिवाय मराठी 'ल' आणि 'श' यांचें वळण हिंदी मुद्रणांतील वळणाहून निराळें असतें. ज्या फाँटांत दोन्ही वळणें दिलेलीं असतात, तेथें ही खूण पाहून ब्राउझर मराठी वळण निवडतो. दोन अक्षरांत आंधळ्यास वाचा आणि मराठीस तिचें रूप मिळत असेल, तर तीं लिहिण्याचा आळस कां करावा?

तिसरा तुकडा मोबाईलच्या पडद्याचा. २००७ सालीं ॲपल कंपनीचा आयफोन निघाला, तेव्हां बहुतेक पृष्ठें मोठ्या पडद्यांसाठीं रचलेलीं होतीं. म्हणून त्या यंत्राचा ब्राउझर पृष्ठ ९८० बिंदूंच्या रुंदीचें आहे असें धरून तें लहान करून दाखवी, आणि अक्षरें मुंगीएवढीं दिसत. रचनाकारास हें टाळतां यावें म्हणून 'व्ह्यूपोर्ट' नांवाची एक ओळ योजण्यांत आली. तींत पृष्ठाची रुंदी उपकरणाच्या रुंदीइतकी आणि आरंभींचें प्रमाण एक, एवढेंच सांगितलेलें असतें. ही ओळ आतां सर्वत्र चालते. मात्र कांहीं ठिकाणीं तिच्या शेवटीं वाचकानें अक्षर मोठें करूं नये अशी मनाईही जोडलेली आढळते. विद्यार्थ्यांनीं ती मनाई कधीं उचलूं नये. घरीं ज्यांची दृष्टि मंद झाली आहे असे आजोबा आठवावे, म्हणजे कारण सांगावें लागणार नाहीं.

चौथा तुकडा चौकटीच्या मापाचा, आणि यांत थोडें गणित आहे. सीएसएसमध्यें एका चौकटीची रुंदी २०० बिंदू सांगितली, आंत दोहों बाजूंस २० बिंदूंची मोकळी जागा ठेविली, आणि भोंवतीं १ बिंदूची कड काढली, तर चौकट पडद्यावर किती जागा अडवील? पुष्कळांचें उत्तर २०० असें येतें. परंतु मूळ नियमाप्रमाणें २०० ही केवळ आंतल्या मजकुराची रुंदी होय; म्हणून बेरीज २०० + ४० + २ = २४२ होते. अशा तीन चौकटी ६०० बिंदूंच्या जागेंत बसवूं गेल्यास तिसरी खालच्या ओळींत घसरते, आणि नवशिक्या हैराण होतो. 'बॉक्स-सायझिंग' या सूचनेस 'बॉर्डर-बॉक्स' असें मूल्य दिलें, म्हणजे सांगितलेल्या २०० मध्येंच मोकळी जागा व कड धरली जाते. पॉल आयरिश या अमेरिकन रचनाकारानें २०१२ सालीं ही ओळ सर्व चौकटींस एकदम लावण्याची शिफारस कारणांसह केली, आणि ती फार लोकांनीं उचलली. तिचा प्रसार झाला तो ती लहान होती म्हणून नव्हे, तर तिच्याबरोबर हें गणितही दिलें गेलें म्हणून, असें आम्हांस वाटतें.

आतां एक आमचीच चूक सांगतों. कारण दुसऱ्यास उपदेश करितांना आपलें माप प्रथम काढावें हें बरें. आपल्या संगणककक्षांत कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांच्या एका गटास मराठी अक्षरांच्या जागीं वर सांगितलेलीं भुतें दिसूं लागलीं. आम्हीं त्यांस यूटीएफ-८ ची ओळ दाखविली, काम झालें, आणि सर्वांच्या सोयीसाठीं आम्हीं भिंतीवर एक कागद लाविला : 'मराठी नीट दिसत नसल्यास ही ओळ घालावी.' कागद सुबक होता. पुढच्या वर्षीं निराळ्या गटानें एक हौसेचें काम अंगावर घेतलें. निवृत्त होणाऱ्या एका बाईंविषयीं माजी विद्यार्थ्यांनीं लिहिलेल्या आठवणी एकत्र करून, बक्षीससमारंभाच्या दिवशीं त्या बाईंना पडद्यावर दाखवावयाच्या असें ठरलें. आठवणी एका मुद्रकाकडून तयार होऊन आल्या. पृष्ठावर चढवितांच त्यांच्या जागीं रोमन अक्षरांची खिचडी दिसूं लागली. मुलांनीं भिंतीवरचा कागद पाहिला आणि ओळ घातली. गुण येईना. त्यांनीं ती दोनदां घातली, तीनदां घातली. दोन दुपारी गेल्या. समारंभाचा दिवस उजाडला, आणि बाईंना रिकाम्या पडद्यासमोर बसवून आठवणी कागदावरून वाचून दाखवाव्या लागल्या. बाईंनीं सर्वांचें कौतुकच केलें. पण त्या मुलांचे चेहरे आम्ही विसरलों नाहीं.

दोष कोणाचा होता? तो मजकूर युनिकोडांत नव्हताच. तो एका जुन्या पद्धतीच्या फाँटांत टंकिलेला होता. अशा फाँटांत क्रमांक रोमन अक्षरांचेच असतात. केवळ त्यांस देवनागरी आकृतींचे अंगरखे चढविलेले असतात. अंगरखा काढला कीं आंतून रोमन अक्षर बाहेर येतें. अशा मजकुरास यूटीएफ-८ ची ओळ कितीही वेळां घातली तरी तो मराठी कसा होणार? तो त्या फाँटाच्या रूपांतरकांतून काढून प्रथम युनिकोडांत आणावयास पाहिजे होता. आमच्या कागदावर एवढेंच अधिक लिहिलेलें असतें कीं, 'ही ओळ मजकूर युनिकोडांत असेल तरच चालेल', तर मुलांच्या दोन दुपारी आणि तो एक दिवस वांचला असता. आम्हीं दहीं दिलें आणि कोमट दुधाची गोष्ट सांगावयाची विसरलों. तो कागद आम्हीं काढून टाकला. नवा लाविला आहे, त्यांत उपायाखालीं कारण, आणि कारणाखालीं मर्यादा लिहिली आहे.

ही झाली देणाऱ्याची चूक. घेणाऱ्याची चूक किती दूरवर पोंचूं शकते, याचें उदाहरण २०१६ सालचें आहे. जावास्क्रिप्टचे तयार तुकडे जेथून सर्व जग घेतें अशा 'एनपीएम' नांवाच्या भांडारांत 'लेफ्ट-पॅड' म्हणून अवघ्या ११ ओळींचा एक तुकडा होता. ७ हा आंकडा ००७ असा दिसावा म्हणून डाव्या बाजूस शून्यें वा मोकळ्या जागा भरणें, एवढेंच त्याचें काम. त्याच्या कर्त्याचा एका नांवावरून भांडारचालकांशीं वाद झाला, आणि मार्च २०१६ मध्यें त्यानें आपले सर्व तुकडे काढून घेतले. त्यासरशीं जगांतील हजारों कामें अडलीं. मोठमोठ्या कंपन्यांचीं साधनेंही तयार होईनात. कित्येकांस आपण त्या तुकड्यावर अवलंबून आहों हेंच ठाऊक नव्हतें, कारण त्यांनीं जो मोठा तुकडा घेतला होता, त्याच्या पोटांत दुसरा, आणि दुसऱ्याच्या पोटांत हा होता. सुमारें दोन तासांत भांडारानें तो तुकडा परत ठेविला व गाडें पुन्हां चालूं लागलें. ज्या ११ ओळी शाळेंतील विद्यार्थी एका तासिकेंत लिहूं शकेल, त्यांसाठीं एवढा गोंधळ झाला!

दुसरें उदाहरण याहून गंभीर आहे. जुन्या ब्राउझरांस नव्या सोयी पुरविणारा एक तुकडा 'पॉलिफिल' नांवाच्या संकेतस्थळावरून पुष्कळ लोक थेट जोडून घेत असत; म्हणजे दहीं घरीं न आणितां रोज शेजारच्याच पातेल्यांतून घ्यावें तसें. पुढें त्या संकेतस्थळाची मालकी बदलली, आणि जून २०२४ मध्यें असें उघडकीस आलें कीं, तेथून आतां वाचकांस भलत्याच ठिकाणीं नेणारा अपायकारक कोड जात आहे. एक लाखाहून अधिक संकेतस्थळें त्याच्याशीं जोडलेलीं होतीं. शेजारी चांगला होता. पण घर विकलें गेलें होतें, आणि वाटी नेणारांनीं दार कोणी उघडलें हें पाहिलें नाहीं.

या दोन्हीं गोष्टींवरून 'कोणाचें कांहीं घेऊंच नये' असा धडा कोणी काढील, तर तो चुकेल. सर्वच नव्यानें लिहावयाचें म्हटलें तर प्रत्येक घरानें आपली गाय पाळावी असें म्हणण्यासारखें होईल. घ्यावें अवश्य, पण डोळे उघडे ठेवून घ्यावें. यासाठीं देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें पाळावयाचे कांहीं नियम आम्ही येथें देतों.

देणाऱ्यानें तुकडा प्रथम स्वतः चालवून पाहावा. त्यानें कोणतें काम होतें, कां होतें, आणि कोठें होत नाहीं, या तीन गोष्टी प्रत्येकीं एका वाक्यांत लिहाव्या. तो कोणत्या तारखेस, कोणत्या ब्राउझरांत किंवा साधनाच्या कोणत्या आवृत्तींत तपासला, हेंही नोंदवावें. कारण या क्षेत्रांत कालचा उपाय आज निरुपयोगी ठरतो. तुकडा लहानांत लहान करावा. दहा ओळींचें काम असतां शंभर ओळी देऊं नयेत. आणि मुख्य म्हणजे त्यांत आपलें गुप्त शब्द, किल्ली, किंवा कोणाचा खासगी मजकूर राहिला नाहीं याची खात्री करावी. अशी किल्ली एकदां बाहेर गेली, तर ओळ खोडून भागत नाहीं. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्मिलेलें 'गिट' हें साधन कामाची प्रत्येक आवृत्ति जपून ठेवितें. हा त्याचा मोठा गुण, पण म्हणूनच खोडलेली ओळही त्याच्या इतिहासांत सांपडते. अशा वेळीं कुलूपच बदलावें लागतें.

घेणाऱ्यानें तुकडा आधीं वाचावा. जी ओळ कळत नाहीं ती विचारावी किंवा शोधावी. शक्य तर चिकटविण्याऐवजीं तो स्वतः टंकावा. हातून गेलेलें मनांत राहतें. मग त्यांतील एकच गोष्ट बदलून काय होतें तें पाहावें. जें बदलून पाहिलें नाहीं तें समजलें नाहीं, असें खुशाल धरावें. दुसऱ्याच्या भांडारांतून घेतलेल्या तुकड्याची एक प्रत आपल्या घरीं ठेवावी. आणि त्यांत चूक सांपडली तर ती मूळ कर्त्यास नम्रपणें कळवावी. उसनें फेडण्याची हीच या व्यवसायांतील पद्धति आहे.

यासच जोडून मालकीची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. मोकळेपणानें मांडलेली वस्तु बेवारशी नसते. पुष्कळ तुकड्यांबरोबर परवान्याचा कागद असतो. फार प्रचलित असलेला 'एमआयटी' परवाना वापरण्याची, बदलण्याची, विकण्याचीही मोकळीक देतो. मोबदल्यांत एवढेंच मागतो कीं, कर्त्याच्या हक्काची व परवान्याची नोंद तशीच राहूं द्यावी. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं काढलेला 'जीपीएल' परवाना याहून पुढें जातो : हा कोड घेऊन त्यांत भर घालून तो तुम्ही इतरांस दिलात, तर तुमची भरही तशीच मोकळी ठेवा, असें तो सांगतो. आणि जेथें परवानाच नाहीं, तेथें कर्त्यास विचारल्यावांचून उचलूं नये. एका ओळींत दुसऱ्याचें नांव लिहिल्यानें आपली विद्वत्ता कमी होत नाहीं. उलट, आपण प्रामाणिक आहों हें वाचणाऱ्यास कळतें.

हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें मागितल्याबरोबर पंचवीस ओळी लिहून देतात. तेव्हां आतां माणसांच्या देवघेवीची गरज काय, असें कोणी विचारील. या यंत्रांनीं हें शिक्षण घेतलें तें बहुतांशीं माणसांनीं उघड्यावर मांडलेल्या कोडावरून, हें विसरूं नये. शिवाय यंत्र चूकही मोठ्या आत्मविश्वासानें सांगतें. म्हणून त्याची वाटीही वरील नियमांनींच घ्यावी : वाचावी, विचारावी, बदलून पाहावी.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलानें एखादा तुकडा दुसऱ्याकडून घेतला म्हणून तें नक्कल करतें असें लागलेंच समजूं नये. आणि पडद्यावर सुंदर पृष्ठ दिसलें म्हणून त्यास सर्व येतें असेंही समजूं नये. त्याच्याजवळ बसून एकच प्रश्न विचारावा : "ही ओळ काढली तर काय होईल?" हा प्रश्न विचारण्यास संगणक येण्याची गरज नाहीं. मुलानें उत्तर दिलें तर तुकडा त्याचा झाला. न दिलें तर वाटी अजून शेजाऱ्याचीच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेंत पहिलें येण्याच्या ईर्ष्येनें सांपडलेला उपाय लपवून ठेवण्याचा मोह तुमच्यापैकीं कित्येकांस होत असेल. ज्या दासानें धन्यानें दिलेलें नाणें जमिनींत पुरून ठेविलें, त्याची गोष्ट तुम्हीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकली आहे. त्यानें तें नाणें गमावलें नाहीं, चोरलेंही नाहीं. फक्त कोणाच्या उपयोगास येऊं दिलें नाहीं. विद्येचें नाणें तर असें आहे कीं, तें दिल्यानें देणाऱ्याच्या हातांतलें जात नाहीं. उलट दुसऱ्यास समजावून सांगतांना आपल्यालाच तें प्रथम नीट कळतें. आपल्या संगणककक्षांत भिंतीजवळ आम्हीं आतां एक वही ठेविली आहे. तींत प्रत्येक पानावर चार रकाने आहेत : उपाय, कारण, मर्यादा, आणि देणाराचें नांव. पहिल्या पानावर यूटीएफ-८ ची ओळ आहे, आणि तिसऱ्या रकान्यांत त्या दोन दुपारींची हकीकत. पुढचीं पानें कोरीं आहेत. तीं तुमच्यासाठीं आहेत.